प्रश्नाला प्रश्न: मित्रांच्या ग्रुपवर इतिहास आणि मनोरंजनाची क्विझ कशी चालवावी

ग्रुपवर एकमेकांना इतिहासाचे, सिनेमाचे, गाण्यांचे प्रश्न घालायची कल्पना कुणाला तरी सुचते. पहिले चार दिवस धमाल येते. दुसऱ्या आठवड्यात दोघंच उत्तरं देत असतात, तिसऱ्या आठवड्यात प्रश्न विचारणाराच स्वतःचं उत्तर टाकून मोकळा होतो. अशा मेलेल्या ग्रुपांचा मी बऱ्यापैकी अनुभवी सदस्य आहे. दर वेळी रोग एकच निघाला. प्रश्न 'येतं की नाही' एवढंच तपासणारे होते. ज्याला येत होतं त्याने दोन सेकंदांत उत्तर दिलं, उरलेल्यांना करायला काही उरलंच नाही.

खरं तर हा खेळ जिंकण्याहरण्यापेक्षा देवाणघेवाणीचा. १९६० च्या दशकात अमेरिकेतली कॉलेजची मुलं लहानपणी ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींमधले बारीकसारीक तपशील एकमेकांना विचारत बसायची. ५ फेब्रुवारी १९६५ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकात एड गुडगोल्डने या उद्योगाला 'ट्रिव्हिया' असं नाव देऊन टाकलं आणि पुढे डॅन कार्लिन्स्कीबरोबर त्याच्या स्पर्धाही भरवल्या. स्पर्धा नंतरच्या. मुळात होतं ते एवढंच: तू एक विचार, मग मी एक विचारतो. आपल्याला तेच करायचंय, फक्त फोनवर.

आधी माणसं, मग नियम

सहा ते आठ जण पुरेत. चारांत खेळ लवकर आटतो आणि पंधरा झाले की निम्मे प्रेक्षक होतात. जुन्याच गप्पांच्या ग्रुपवर हे सुरू करू नका. प्रश्न वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि रात्री कुणीतरी विचारतं, "कुठला प्रश्न?" त्यासाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यावर प्रश्न, उत्तर आणि त्यावरची भांडणं एवढंच राहू द्या.

चालवायच्या रीती दोन. एक, रोज एक प्रश्न: ज्याची पाळी त्याने ठरल्या वेळी टाकायचा आणि उत्तराला पुढच्या दिवसापर्यंत मुदत. दुसरी, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी तासभर जमून लाइव्ह खेळायचं. लाइव्हमध्ये मजा जास्त, पण आठ जणांची वेळ जुळवण्यातच जीव जातो. कुणी परदेशात असेल तर विचारायलाच नको. म्हणून सुरुवात रोजच्या प्रश्नाने करा. महिनाभर गाडी रुळावर राहिली तर लाइव्ह आपोआप मागितलं जाईल.

पाळी ठरलेली हवी, हे मात्र पक्कं. 'ज्याला सुचेल त्याने टाका' म्हटलं की दोन उत्साही माणसं सगळे प्रश्न टाकतात आणि बाकीचे कायमचे परीक्षार्थी होतात. पाळी चुकली तर दंड म्हणून पुढच्या वेळी दोन प्रश्न. बस, इतकीच कडक शिस्त.

प्रश्न टाकायचा कुठे

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे असतं, पण त्याच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या हुशार माणसाने 'ब' निवडला की पाठोपाठ पाच जण 'ब'वर बोट ठेवतात. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाळा. उत्तर प्रश्नकर्त्याला खाजगीत पाठवायचं, ग्रुपवर फक्त 'पाठवलं' असं लिहायचं, हा नियम सगळ्यात सुटसुटीत. टेलिग्रामवर पोलला क्विझचा प्रकार आहे. बरोबर पर्याय आधीच ठरवून ठेवता येतो, मत दिल्यावर बदलता येत नाही आणि उत्तराखाली खुलासाही जोडता येतो. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर झाकूनही ठेवता येतो. वाचणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं तरच तो उघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर असं झाकायचं असेल तर आमची गावठी युक्ती वापरा. वर 'उत्तर खाली आहे' लिहून मग भरपूर ओळींवर एकेक टिंब द्या आणि तळाशी उत्तर लिहा. लांब संदेश अर्धाच दिसतो, उरलेला मुद्दाम उघडावा लागतो.

एक सावधगिरी चित्राच्या प्रश्नांबद्दल. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइलचं नाव दिसतं आणि त्या नावातच उत्तर असतं. मी एकदा अख्खा प्रश्न असा घालवलाय. लिंक टाकली तर तिच्याखाली आपोआप येणारं शीर्षकही तेच करतं. फोटोचा स्क्रीनशॉट काढा, कोपरा कापा, मग पाठवा.

प्रश्न घडवायचा कसा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ग्रुप टिकतो तो यावरच. क्विझवाले लोक प्रश्नामागच्या गमतीच्या माहितीला 'फंडा' म्हणतात. फंडा सापडणं सोपं, त्याचा प्रश्न करणं अवघड. चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी एकच: उत्तर ठाऊक नसलं तरी काढता आलं पाहिजे. आणि नाहीच आलं, तर कळल्यावर माणसाने कपाळावर हात मारला पाहिजे. 'हे मला कसं माहीत असणार?' असं म्हणाला तर प्रश्न पडला.

उदाहरण घेऊ. फंडा असा: रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म झांझिबारचा, म्हणजे आफ्रिकेजवळच्या एका बेटावरचा. सरळ प्रश्न होईल, "फ्रेडी मर्क्युरीचा जन्म कुठे झाला?" ज्याला माहीत आहे तो सांगेल, दुसऱ्याला विचार करायला काही धागाच नाही. उलटा केला, "झांझिबारमध्ये जन्मलेला प्रसिद्ध रॉक गायक कोण?" तर थोडा बरा, पण शोधयंत्रात एका ओळीत सापडतो.

आता याच माहितीच्या आजूबाजूला काय पडलंय ते बघा. २७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिटन आणि झांझिबार यांच्यात युद्ध झालं. ते तासभरही टिकलं नाही आणि इतिहासातलं सर्वांत लहान युद्ध म्हणून ओळखलं जातं. बरोबर पन्नास वर्षांनी, १९४६ मध्ये, तिथे एका पारशी कुटुंबात फारुख बलसारा जन्मला. शिकायला तो पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत होता. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. आणि त्याने घेतलेलं आडनाव इंग्रजीत एका ग्रहाचंही नाव आहे. आता प्रश्न असा मांडता येतो:

"इतिहासातलं सर्वांत लहान युद्ध जिथे झालं, त्याच बेटावर त्या युद्धानंतर पन्नास वर्षांनी एका पारशी घरात एक मुलगा जन्मला. तो पाचगणीला शिकला, क्रांतीनंतर कुटुंबासह इंग्लंडला गेला आणि एका ग्रहाचं नाव आडनाव म्हणून घेऊन जगप्रसिद्ध झाला. कोण?"

यात चार दारं आहेत. इतिहासवाला युद्धावरून बेट ओळखेल. सिनेमा-संगीतवाल्याला पारशी आणि पाचगणी पुरेल. ज्याला दोन्ही माहीत नाही तो ग्रह मोजायला लागेल आणि इंग्रजी नावं घोळवता घोळवता मर्क्युरीपाशी अडखळेल. तिघंही वेगळ्या वाटेने आत येतात आणि उत्तर कळल्यावर प्रत्येकाला बाकीच्या वाटा नव्या मिळतात. इतिहास आणि मनोरंजन एकत्र आणण्याचा फायदा तो हाच. नुसत्या इतिहासाच्या प्रश्नाला ग्रुपमधला इतिहासवाला कायम पहिला येतो.

अशा जोड्या शोधायची सवय लागली की त्या सगळीकडे दिसू लागतात. 'लगान'मधला क्रिकेटचा सामना १८९३ सालातला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला विवेकानंद शिकागोच्या धर्मसंसदेत बोलायला उभे राहिले. म्हणजे विचारता येतं: पडद्यावरचं ते गाव तीनपट लगान वाचवायला खेळत होतं, त्याच साली शिकागोत कोणत्या भारतीयाचं भाषण गाजलं? स्वीडनच्या 'अ‍ॅबा' या चौकडीने १९७४ ची युरोव्हिजन स्पर्धा जिंकली ती १८१५ च्या एका लढाईचं नाव असलेल्या गाण्यावर. वॉटर्लू! इथे साल दिलं की लढाई कळते, लढाई कळली की गाणं.

थोडं जमायला लागलं की 'कनेक्ट' करून बघा. तीन-चार गोष्टी द्यायच्या आणि त्यांना बांधणारा धागा विचारायचा. आयफेल टॉवर, चार्ली चॅप्लिन, जवाहरलाल नेहरू आणि व्हिडिओ गेमवाली निन्टेन्डो कंपनी: समान काय? उत्तर, १८८९. त्या साली टॉवर खुला झाला, दोघे जन्मले आणि क्योटोमध्ये निन्टेन्डोने हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते हाताने बनवायला सुरुवात केली. कनेक्टमध्ये एक गोष्ट सोपी, एक अनपेक्षित असावी. इथे निन्टेन्डो अनपेक्षित आहे. कंपनी एवढी जुनी असेल असं कुणालाच वाटत नाही. त्याच सालातला आणखी एक फंडा मी राखून ठेवला होता: चॅप्लिन १६ एप्रिलचा, हिटलर २० एप्रिलचा. चार दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांची मिशीही सारखीच, आणि १९४० मध्ये एकाने पडद्यावर दुसऱ्याची टर उडवली. हा वेगळा प्रश्न करा. एका प्रश्नात सगळं कोंबायचा मोह होतो, तो आवरा. चाळीस-पन्नास शब्दांपुढे गेलेला प्रश्न फोनवर कुणी नीट वाचत नाही.

उलट्या टोकाचा प्रश्न म्हणजे सिटर, बसल्या जागी सुटणारा. तोही अधूनमधून हवा, विशेषतः आठवडाभर कुणी कोरडं गेलं असेल तर.

पाठवण्याआधी तपासा

तपासणीची गरज पटवायला मी नेहमी कोलंबोची गोष्ट सांगतो. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ट्रिव्हियाचा कोश काढला. कुणी चोरलं तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली: टीव्हीवरचा गुप्तहेर कोलंबो याचं पहिलं नाव फिलिप. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' हा खेळ आला आणि त्याच्या एका कार्डावर वर्थला आपला 'फिलिप' दिसला. १९८४ मध्ये त्याने ३० कोटी डॉलरचा दावा लावला. खेळवाल्यांनी कोश वापरल्याचं मान्य केलं, पण माहितीवर कुणाची मालकी नसते असं म्हणाले. न्यायालयाला ते पटलं आणि १९८७ मध्ये अपिलातही वर्थ हरला. मालिकेत मात्र कोलंबोचं ओळखपत्र जवळून दिसतं तेव्हा त्यावर 'फ्रँक' असं लिहिलेलं आहे. खेळवाले खटला जिंकले म्हणून त्यांचं उत्तर काही बरोबर ठरलं नाही.

आपल्या ग्रुपला यातून दोन गोष्टी कळतात. माहिती उचलायला हरकत नाही, पण दुसऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा उचलला तर त्याची चूकही उचलली जाते. म्हणून प्रत्येक फंडा किमान दोन स्वतंत्र ठिकाणी बघा. स्वतंत्र म्हणजे एकमेकांवरून उतरवलेली नसलेली. दहा संकेतस्थळांवर तेच वाक्य शब्दशः असेल तर तो एकच साक्षीदार समजा.

इतिहासात सर्वांत जास्त फसवते ती तारीख. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हा फंडा वर्षानुवर्षं फिरतोय. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, हे खरं. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ चा, हेही खरं, पण ती तारीख इंग्लंडमधल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली. इटलीत तेव्हा ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, चालू होती आणि तिच्या हिशेबाने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. एकाला एक फूटपट्टी आणि दुसऱ्याला दुसरी लावली तरच साल जुळतं. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, या गोड गोष्टीचंही तसंच. जुन्या युरोपातली तारीख विचारायची असेल तर दिनदर्शिका सांगा, नाहीतर नुसतं साल विचारा.

दुसरा सापळा 'पहिला' या शब्दाचा. 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' असं विचारलंत की कुणीतरी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' म्हणेल, ३ मे १९१३. दुसरा लगेच दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' काढेल, १८ मे १९१२, म्हणजे वर्षभर आधीचा. मग पहिला म्हणेल, ते तर नाटकाचंच चित्रीकरण होतं आणि फिल्मवर प्रक्रिया लंडनला झाली. दोघांकडे मुद्दे आहेत आणि तुमची संध्याकाळ गेली. (खरं सांगायचं तर ती संध्याकाळ मजेत गेली होती, पण गुण कुणालाच देता आले नाहीत.) 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द दिसले की त्यांच्यापुढे अट घाला: पूर्ण लांबीचा, बोलपट, अमुक देशातला. नाहीतर प्रश्न उलटा करा: "मे महिन्यात, एका वर्षाच्या अंतराने, मुंबईत प्रदर्शित झालेले दोन चित्रपट 'पहिला कोण' यावरून आजही भांडतात. कोणते?" वादच प्रश्न झाला की भांडण मिटतं.

तपासताना मान्य होणारी सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवा. वॉटर्लूला नेपोलियनला कोणी हरवलं? वेलिंग्टन, हो, पण कुणी प्रशियाचा ब्ल्यूखर म्हणालं तर त्याला चूक म्हणता येणार नाही. आकड्यांना मर्यादा द्या. झांझिबारचं युद्ध साधारण ३८ मिनिटं चाललं असं सांगतात, पण काही ठिकाणी ४५ पर्यंत आकडा जातो. तेव्हा नेमकी मिनिटं विचारू नका, '३५ ते ४५ मधलं काहीही चालेल' असं आधीच जाहीर करा.

सिनेमातले संवाद विचारत असाल तर आठवणीवर अजिबात जाऊ नका, दृश्य पुन्हा बघा. 'स्टार वॉर्स'मधला बापाने ओळख देण्याचा तो प्रसिद्ध संवाद लोक मुलाचं नाव घेऊन म्हणतात. १९८० च्या चित्रपटात त्या वाक्यात मुलाचं नावच नाही. कोनन डॉयलच्या कथांमध्ये शेरलॉक होम्स वॉटसनला ते सुप्रसिद्ध 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' एकदाही म्हणत नाही. अशा चुका प्रश्न म्हणून मात्र झकास: "सगळे जे म्हणतात ते मूळ कथांत आहे का?"

शोधयंत्र, आणि आता चॅटबॉटही

शोधून उत्तर देणाऱ्याला अडवता येत नाही, हे आधी मान्य करा. लाइव्हमध्ये एका प्रश्नाला ६० ते ९० सेकंद दिले की टाइप करून शोधायला फारशी फुरसत मिळत नाही. रोजच्या प्रश्नात वेळ भरपूर, म्हणून आम्ही उत्तरासोबत एक अक्षर मागतो: 'ठा' म्हणजे ठाऊक होतं, 'का' म्हणजे काढलं, 'शो' म्हणजे शोधलं. शोधलेल्याला गुण नाही, पण उत्तर पाठवायची मुभा आहे. गंमत अशी की ही सोय दिल्यावर लबाडी जवळपास थांबली. लोकांना उत्तर कळून घ्यायचं असतं, त्यासाठी खोटं बोलायची गरज राहिली नाही. आणि 'का' हे अक्षर तर लोक मिरवतात.

कसं काढलं तेही उत्तरात दोन ओळींत लिहायला सांगा. मर्क्युरीच्या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं, "गुरू, शुक्र, शनी... मग इंग्रजीत सुरू केलं." प्रश्न घडवण्याचं सार्थक ते.

गुण कसे द्यायचे

उत्तर देणाऱ्याचं सोपं आहे: ठाऊक असेल किंवा काढलं असेल तर २, इशारा मिळाल्यानंतर १. इशारा ठरल्या वेळी एकदाच द्यायचा आणि तो नवं दार उघडणारा असावा. 'नाव म पासून सुरू होतं' हा इशारा नव्हे, शरणागती आहे.

गुण प्रश्नकर्त्यालाही द्या. अनेक ग्रुप हेच विसरतात. समजा सहा जण उत्तर देणारे आहेत. कुणालाच आलं नाही किंवा सहाही जणांना आलं, तर प्रश्नकर्त्याला शून्य. एकाला किंवा पाच जणांना आलं तर १. दोन ते चार जणांना आलं तर २. एवढ्या एका नियमाने ग्रुपचा स्वभाव बदलतो. माणूस मित्रांना पाडायला प्रश्न काढायचा थांबतो आणि 'तिला हे जमेल का, त्याला कुठला धागा देऊ' असा विचार करायला लागतो.

लाइव्हमध्ये 'पाउन्स' घ्यायचा असेल तर तो असा: प्रश्न वाचल्यावर पहिल्या वीस सेकंदांत ज्याला खात्री आहे त्याने उत्तर खाजगीत पाठवायचं, बरोबर तर ३, चूक तर उणे २. मग बाकीच्यांकडे प्रश्न पाळीने फिरवायचा, त्याला 'बाउन्स' म्हणतात. पुढच्या प्रश्नाची सुरुवात जिथे आधीचा सुटला त्याच्या पुढच्या माणसापासून, नाहीतर पहिल्याच माणसाला कायम पहिली संधी मिळते.

वाद झाला तर त्या दिवशी प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम. पुरावा कुणाला आणायचा असेल तर दुसऱ्या दिवशी आणावा. रात्री साडेअकराला कुणीही पुरावा वाचत नाही, फक्त टाइप करतं.

वही ठेवा

एक सामायिक स्प्रेडशीट करा. रकाने: तारीख, प्रश्न, उत्तर, मान्य होणारी इतर उत्तरं, कुठे तपासलं, किती जणांना आलं. त्याचा पहिला फायदा म्हणजे तोच प्रश्न पुन्हा येत नाही. दुसरा सहा महिन्यांनी कळतो. 'किती जणांना आलं' हा रकाना वरून खाली वाचला की आपल्या ग्रुपला काय येतं आणि काय नाही ते दिसतं. आमच्याकडे जुन्या मालिका सगळ्यांना तोंडपाठ निघाल्या आणि विसाव्या शतकाचा पूर्वार्ध जवळपास कोरा.

शेवटचा एक रकाना आम्ही नंतर जोडला: 'चूक कुणी दाखवली'. त्याचे ३ गुण, बरोबर उत्तरापेक्षाही जास्त. त्यात पहिली नोंद माझ्याच चुकीची आहे. मी विचारलं होतं, "१९१७ च्या ऑक्टोबर महिन्यात रशियात काय घडलं?" आमच्यातल्या सगळ्यात अबोल मैत्रिणीने अर्ध्या तासात उत्तर पाठवलं: "आपल्या कॅलेंडरने ऑक्टोबरमध्ये तसं काहीच नाही. क्रांती ७ नोव्हेंबरला झाली." खाली अक्षर होतं 'का'.